सामुदायिक पोलिसिंग : भिवंडी ते पालघर
१९७० व १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी सामान्य रहिवासी घेतले. चर्चा बहुधा किरकोळ तंट्यांचीच होई. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

जव्हार-मोखाड्याच्या विखुरलेल्या पाड्यांवर पोलिसांशी दुवा म्हणजे गावातलाच पोलीस पाटील. त्याची नेमणूक १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार होते. मात्र अफवेपुढे हा दुवा तोकडा पडतो. याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी मुले पळवणाऱ्यांच्या अफवेतून जमावाने तिघांना ठार केले. त्यानंतर जिल्हा पोलिसांनी ‘जनसंवाद’ अभियानात गावे वाटून घेऊन नियमित भेटी सुरू केल्या. एप्रिल २०२३मध्ये वाणगाव परिसरात दोन साधूंभोवती संशयाने गर्दी जमली. खबर मिळताच पोलीस पोहोचले आणि साधू बचावले.