खराब ब्लॉक (डिस्कवरील)

संगणकाच्या डिस्कवरील ज्या जागेत लिहिलेली माहिती पुन्हा बिनचूक वाचता येत नाही, त्या जागेस खराब ब्लॉक म्हणतात. डिस्क ज्या लहानात लहान तुकड्यांत वाचली जाते ते सेक्टर (पूर्वी ५१२ बाइटचे, हल्ली बहुधा ४,०९६ बाइटचे) होत. फाइलींची मांडणी सांभाळणारी फाइल-सिस्टिम असे काही सेक्टर एकत्र धरून त्यांचा ब्लॉक किंवा क्लस्टर करते. त्यामुळे एक सेक्टर बिघडला तरी सबंध ब्लॉक वर्ज्य ठरतो.

नोंदीची युक्ती मुळात एकच : खराब जागा व्यापलेली दाखवायची, म्हणजे ती नव्या फाइलीच्या वाट्याला येत नाही. डॉसमधील फॅट पद्धतीत प्रत्येक क्लस्टरसाठी तक्त्यात एक रकाना असतो आणि सोळा-बिट फॅटमध्ये त्यात ६५५२७ हा राखीव आकडा पडला की क्लस्टर बाद होतो. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ‘डॉलर-बॅडक्लस’ नावाच्या फाइलीची लांबी कागदोपत्री सबंध विभागाएवढी असते, पण तिच्या ताब्यात असतात ते केवळ खराब क्लस्टर. लिनक्सच्या एक्स्ट कुळात हे काम पहिल्या क्रमांकाच्या आयनोडकडे, म्हणजे फाइलीचे ब्लॉक कोठे आहेत हे सांगणाऱ्या नोंदीकडे, असते. मूळ निर्देशिकेचा क्रमांक त्यानंतरचा, दुसरा.

आधुनिक डिस्क मात्र बिघडलेल्या सेक्टरऐवजी स्वतःजवळचा राखीव सेक्टर परस्पर वापरते व फाइल-सिस्टिमला त्याची गंधवार्ताही नसते. हा बदल बहुधा लिहिताना होतो, कारण वाचनच फसले तर नव्या जागी काय ठेवावे हे डिस्कला ठाऊक नसते. तोवर तो सेक्टर ‘प्रलंबित’ राहतो. सगळे बिघाड सारखे नसतात. चालू संगणक टेबलावरून पडला, तर वाचनशीर्ष तबकडीवर आपटून कायमचा ओरखडा उठतो, आणि लिहीत असतानाच वीज गेली, तर अर्धवट लिहिलेला सेक्टर वाचता येत नसला तरी पृष्ठभाग शाबूत असल्याने पुन्हा लिहिताच तो सुधारतो. केवळ वाचून केलेल्या तपासणीला हा भेद कळत नाही आणि चांगली जागाही यादीत जाते.

यादीमुळे गमावलेला मजकूर परत येत नाही. त्यासाठी दुसरी प्रतच लागते. म्हणून झेडएफएससारख्या पद्धती अशी यादी न ठेवता पडताळणी-बेरीज व जादा प्रतींवर विसंबतात. पुन्हा लिहूनही यादी वाढतच राहिली, तर राखीव सेक्टर संपत आले असे समजून मजकूर लगेच उतरवून घ्यावा आणि डिस्क बदलावी.