अपत्य, आईबाप आणि न्यायासन

मुलांवर आईबापांची सत्ता निरंकुश नाही, हे तत्त्व कायद्याच्या गळी फार सावकाश उतरले. न्यूयॉर्क शहरात १८७४ साली मेरी एलन नावाची सुमारे दहा वर्षांची मुलगी पालनकर्त्या स्त्रीच्या मारहाणीने जर्जर झाली होती. एटा व्हीलर या सेवाभावी बाईंनी पुष्कळ दारे ठोठावली. अखेर पशुरक्षक संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्या साहाय्याने ती न्यायाधीशापुढे आली. मुलीस पशू ठरवून सोडविले, ही प्रचलित कथा मात्र खरी नव्हे. अवैध ताब्यातील मनुष्यास सोडविण्याचा जो जुना कायदा, त्याचाच तेथे आधार घेतला गेला.

ब्रिटिश पार्लमेंटने १८८९ साली कायदा केला. छळ वा हेळसांड केल्याबद्दल आईबाप दोषी ठरल्यास मूल नातलगाच्या अथवा अन्य योग्य व्यक्तीच्या हवाली करण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला.

परंतु मूल दूर ठेवणे निराळे आणि नाते कायमचे तोडणे निराळे. न्यूयॉर्क राज्यात नाते तोडण्यासही पुराव्याचे पारडे किंचित झुकले तरी पुरत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम रद्द केला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या निकालानुसार स्पष्ट व खात्री पटविणारा पुरावा आवश्यक ठरला. न्यायाधीश एका बाजूस चुकला तर मूल पुन्हा छळात पडते. दुसऱ्या बाजूस चुकला तर सावरू शकणारे घर कायमचे मोडते.