आजीचा बटवा आणि १९०७ चं नाशिक

परवा रविवार कारंजाजवळ एका काष्ठौषधीच्या दुकानात उभा होतो. वेखंड, मुरुडशेंग, सागरगोटा मागायला आलेली बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. एका मावशींनी नातवाच्या गुटीचं सामान घेतलं. सोबतच्या सुनेने विचारलं, वेखंडाचे वळसे किती? मावशी म्हणाल्या, "एकच गं. जास्त झालं तर उलट्या होतील बाळाला."

हे "एकच" कुठे लिहिलेलं असतं?

नाशिककरांना हा प्रश्न नवा नसावा. आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात १९०७ साली आपल्याच गावात झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? पुढाकार वैद्य शंकर दाजी शास्त्री पदे यांचा. इंग्रजी दवाखान्यांपुढे देशी वैद्य मागे पडत होते. पाच वर्षांनी, १९१२ मध्ये, मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला, त्यात वैद्यांना जागा नव्हती. पदेशास्त्रींनी संघटना बांधली, पण त्याहून मोठं काम म्हणजे 'आर्यभिषक्'. वनस्पतीचे गुण काय, कोणत्या दुखण्यावर ती कशी द्यायची, सगळं साध्या मराठीत. वैद्याची विद्या माजघरात पोचली ती अशी. आमच्याकडची प्रत मलपृष्ठ नसलेली, हळदीचे डाग पडलेली!

लिहिण्याची किंमत पुढे कळली. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं चक्क पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तेही छापील पुराव्याच्या जोरावर. "आमची आजी लावायची" एवढ्यावर तिथे भागलं नसतं.

मग पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या वैदूंकडे जे आहे त्याचं काय? ते कुठल्याच पोथीत नाही.

आयर्लंडने यावर साधा उपाय केला. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या प्राथमिक शाळांतल्या पोरांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणा. त्यात गावठी औषधंही आली. डांग्या खोकल्यावर पोराला गाढवाच्या पोटाखालून काढायचं, हेसुद्धा! चांगलं-वाईट सगळं कागदावर आलं, म्हणून आज तपासता येतं.

तपासायलाच हवं. अडुळसा खोकल्याला चालतो. त्यातल्या घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे औषध निघालं. पण साप चावलेल्याला आधी भगताकडे नेलं आणि वेळ गेला, अशा बातम्या मीच लिहिल्यात. तिथे पाला नाही, प्रतिसर्पविषाची लसच लागते.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. आश्रमशाळाही जिल्ह्यात भरपूर. वह्या काही महाग नाहीत.

तोवर इथेच सुरुवात करू. तुमच्या घरचा उपाय खाली लिहा: वनस्पतीचं तुमच्याकडचं नाव, कोणता भाग, किती वळसे, आणि कुणाला द्यायचं नाही. ते शेवटचं विसरू नका.