गरम चॉकलेट

ककाओ वृक्षाच्या (थिओब्रोमा ककाओ) बिया आंबवून, वाळवून, भाजून व टरफले पाखडून काढल्यावर जो गर उरतो, तो वाटून पाण्यात अथवा दुधात शिजवून आणि घुसळून सिद्ध केलेले पेय. वडीच्या रूपाने चॉकलेट खाण्याचा प्रघात १८४७ साली ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्याने ओतीव वडी तयार केल्यानंतर पडला. तत्पूर्वीची अनेक शतके चॉकलेट म्हणजे पेयच, असा सर्वत्र समज होता.

ककाओच्या गरात निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्धांशाचा असतो. हा स्निग्धांश सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळतो खरा, परंतु पाण्याशी त्याचे सख्य जमत नाही; तो तवंग धरून वर येतो आणि गराचा साका तळाशी बसतो. घुसळणे, दाट करणे, तेल पिळून काढणे, दूध वापरणे इत्यादी ज्या नाना तजविजी निरनिराळ्या देशांत निघाल्या, त्या बहुतांशी ह्या एकाच अडचणीच्या परिहारार्थ निघाल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

पहिली तजवीज फेसाची. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात असलेल्या, आठव्या शतकाच्या सुमाराच्या एका माया पात्रावर, हातातील भांड्यातून खाली ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरणारी स्त्री चितारलेली आहे. ह्या ओताओतीने जो फेस चढे, तोच पेयाचा सर्वांत मोलाचा भाग मानला जाई. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहून तेथील लोकजीवनाची बारा खंडांत नोंद करणारा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन याने राजवाड्यातील चॉकलेटांची जंत्री दिली आहे. तीत मधाचे, फुलांचे, कोवळ्या व्हॅनिलाचे असे प्रकार येतात, आणि चांगला विक्रेता गर नीट वाटून, गाळून, फेस आणून देतो, तर वाईट विक्रेता त्यात पाणी वाढवतो, हा बाजारातला भेदही तो टिपून ठेवतो. ॲझ्टेक सरदार हे पेय बहुधा गार घेत. ते गरम पिण्याचा, त्यात साखर घालण्याचा आणि तळहातांमध्ये फिरवावयाच्या लाकडी रवीने (मोलिनियो) घुसळण्याचा रिवाज स्पॅनिश अंमलात दृढ झाला.

मूळ रीतीच्या सर्वांत जवळची कृती आजही मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात पाहावयास मिळते. तीन पायांच्या दगडी पाट्याखाली निखारे ठेवतात, त्यामुळे दगड कोमट होतो आणि भाजलेला गर वरवंट्याखाली प्रथम भरड, मग ओलसर व शेवटी चकचकीत, वाहता होतो; पाण्याचा थेंबही न घालता केवळ आपल्याच तेलात तो भिजतो. त्यात साखर, बदाम आणि सिलोनची पातळ, ठिसूळ दालचिनी वाटून चकत्या थापतात व सुकवून ठेवतात. ओआहाका शहरातील बाजारालगतच्या मीना रस्त्यावर ह्याच कामाच्या गिरण्या आहेत. गिऱ्हाईक आपल्या घराण्याच्या प्रमाणाने ककाओ, साखर, दालचिनी व बदाम तोलून घेते आणि डोळ्यांदेखत दळून नेते. मातीच्या उभट भांड्यात पाणी उकळून त्यात चकती विरघळवायची, रवीने फेस आणायचा आणि अंड्याच्या बलकाचा पाव त्यात बुडवून खायचा, हा तेथील शिरस्ता. दुधात केलेले चॉकलेट अधिक गुळगुळीत लागते हे मान्य करूनही, ककाओचा स्वतःचा आंबूस-कडवट स्वाद ज्याला ओळखावयाचा असेल, त्याने ते प्रथम पाण्यातच करून पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. मक्याच्या पिठाने दाट केलेल्या प्रकारास तेथे चांपुरादो म्हणतात.

युरोपातील कृतींचा आद्य दस्तऐवज म्हणून आंतोनियो कोल्मेनेरो दे लेदेस्मा या स्पॅनिश वैद्याच्या, माद्रिद येथे १६३१ साली छापलेल्या प्रबंधाकडे बोट दाखवावे लागते. शंभर ककाओ बियांस दोन लाल मिरच्या, मूठभर बडीशेपेसारखे बी, एक व्हॅनिलाची शेंग, थोडी दालचिनी, डझन डझन बदाम व हेझलनट, अर्धा पौंड साखर आणि रंगापुरते आचिओते, असे त्याचे प्रमाण असून, मेक्सिकोतील सुगंधी फुले न मिळाल्यास अलेक्झांड्रियाच्या गुलाबांची पूड घालावी, अशी सोयही त्याने सांगितली आहे. उपवासास हे पेय चालते की नाही, हा वाद पुढे दीर्घकाळ गाजला. १६६४ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो याने द्रवपदार्थाने उपवास मोडत नाही असा अभिप्राय दिला.

सुवास देण्याच्या कलेत मात्र फ्लॉरेन्सच्या दरबाराची बरोबरी कोणास साधली नाही. तिसऱ्या कोझिमो मेदिचीचा राजवैद्य फ्रान्चेस्को रेदी याने जाईच्या फुलांचे चॉकलेट सिद्ध केले आणि त्याची कृती हयातभर गुप्त राखली. भाजलेल्या गराचा एक थर, त्यावर ताज्या फुलांचा एक थर, असे रचून दिवसभर ठेवायचे, मग फुले बदलायची, आणि हा क्रम दहा-बारा वेळा करून मगच साखर, व्हॅनिला, दालचिनी व किंचित अंबर घालून कोमट पाट्यावर वाटायचे, अशी ती कृती होती. आपल्याकडील अत्तारी तिळांत फुले पुरून फुलेल तेल काढतात, त्यातील आणि ह्यातील तत्त्व एकच : स्निग्धांश गंध शोषून घेतो व धरून ठेवतो. उकळत्या पाण्यात जाईचा नाजूक गंध क्षणात उडून गेला असता. रेदीने तो पाण्याच्या स्वाधीन केलाच नाही, ह्यातच त्याची थोरवी आहे.

१८२८ साली ॲम्स्टरडॅम येथील व्हान हाउटेन यांनी दाबयंत्राचे पेटंट घेऊन गरातील सुमारे निम्मे तेल पिळून काढण्याची युक्ती शोधली, आणि उरलेल्या पेंडीची बुकणी म्हणजेच कोको होय. पुढे तीवर क्षारांची प्रक्रिया करण्यात येऊ लागली. तिने रंग गडद होतो, आंबटपणा कमी होतो व बुकणी पाण्यात लवकर भिजते. घरोघरी हे पेय पोचले ते ह्या बुकणीमुळे, परंतु तेलाबरोबर अंगाचा भरीवपणाही गेला. म्हणून पॅरिसमधील १९०३ पासूनच्या आंजेलिना उपाहारगृहासारख्या ठिकाणी वितळलेल्या चॉकलेटाचेच दाट पेय देतात. स्पेनमध्ये पिठाने दाट केलेले चॉकलेट तळलेल्या चुर्रोंसह घेतात. तुरिन शहरात कॉफी, चॉकलेट व साय एका लहान पेल्यात थरांनी ओततात आणि ते थर न ढवळता पितात. ह्या पेयास बिचेरिन म्हणतात. फिलिपिन्समध्ये पाहुण्याच्या योग्यतेप्रमाणे चॉकलेट दाट किंवा पातळ करण्याच्या चालीवर होसे रिझाल याने आपल्या १८८७ च्या ‘नोली मे तांजेरे’ कादंबरीत बोट ठेवले आहे.

घरगुती कृतीविषयी ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच रसज्ञाने १८२५ साली दिलेले प्रमाण, म्हणजे पेल्यास दीड औंस (सुमारे ४५ ग्रॅम) चॉकलेट, अजूनही उत्तम ठरते. आदल्या दिवशी करून रात्रभर ठेवलेले चॉकलेट अधिक एकजीव होते, हा एका मठाधिकारिणीचा सल्लाही त्यानेच नमूद केला आहे. कोको वापरावयाचा झाल्यास तो साखरेबरोबर कोरडाच मिसळावा, दोन चमचे गरम दुधात घोटून गुठळी मोडावी आणि मगच उरलेले दूध घालून दोन-तीन मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. कोकोत पिष्ट असल्यामुळे केवळ गरम दूध ओतल्यास पिठूळ चव राहते. चिमूटभर मिठाने कडवटपणा सौम्य होतो. दालचिनी व वेलदोडा अख्खे दुधात टाकून, झाकून, नंतर गाळून काढावेत, कारण त्यांची पूड जिभेवर रवाळ लागते. संत्र्याची साल घेताना पांढरा भाग खरवडून टाकावा. जायफळ मात्र पेला भरल्यावर वरून किसावे. मिरचीचा तिखटपणा स्निग्धांशात उतरतो आणि घोटागणिक वाढत जातो, यास्तव बिया काढलेला एक लहान तुकडा पुरे. मसाला एका वेळी एक, फार तर दोन असावेत.

हिंदुस्थानात ककाओची लागवड मुख्यत्वे केरळ, कर्नाटक, आंध्र व तमिळनाडू येथे नारळी-पोफळींच्या सावलीत होते. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोकण सुगंधा’ आणि दालचिनीची ‘कोकण तेज’ ह्या जाती प्रसारित केल्या असल्यामुळे, ह्या पेयाचे दोन उत्कृष्ट मसाले महाराष्ट्रातलेच मिळू शकतात. बाजारात ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून डब्यातून विकला जाणारा जिन्नस निराळा असून त्यात साखरेचा वाटा कोकोहून पुष्कळ मोठा असतो. तो वापरताना वेगळी साखर घालू नये आणि पेल्यामागे एक चमचा निव्वळ कोको त्यात मिसळावा.