वीर्यनाशाची भीती

आयुर्वेदाने शरीर सात धातूंचे मानले: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. एकातून पुढचा धातू घडतो, म्हणून शेवटचा शुक्र सर्वांत सारभूत ठरला. लोकसमजुतीने त्याला हिशेबही जोडला. रक्ताचे चाळीस थेंब आटले की वीर्याचा एक थेंब होतो, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कानांवर पडत आले. महाराष्ट्रातल्या तालमीचे दैवत ब्रह्मचारी मारुती. पैलवान लंगोटाचा पक्का असला, तरच त्याची ताकद टिकते, असे वस्ताद बजावत. वीर्य राखणे म्हणजे मर्दपणा आणि ते गमावणे म्हणजे नामर्दपणा, अशी सांगड त्यातून बसली.

एकोणिसाव्या शतकात या समजुतीला युरोपीय वैद्यकाचीही साथ मिळाली. स्विस डॉक्टर तिसो यांच्या 1760 च्या ग्रंथाने हस्तमैथुनाला असंख्य दुखण्यांचे मूळ ठरवले होते. त्या मताचा युरोपातल्या डॉक्टरांवर दीर्घकाळ पगडा राहिला आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर ते इथेही आले. त्याच काळात ब्रिटिश राज्यकर्ते देशी पुरुषांची लढाऊ आणि दुबळे अशी वर्गवारी करीत होते. दुबळेपणाचा तो डाग पुसण्यासाठी व्यायामशाळा उभ्या राहिल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. बलोपासनेने अनेक तरुणांची शरीरे घडवली, हे खरे. पण ब्रह्मचर्य हे राष्ट्रकार्य झाल्यावर स्वप्नदोषासारखी साधी शारीरिक घटनाही तरुणाला स्वतःचे पाप वाटू लागली.

गरमी आणि परमा या गुप्तरोगांबाबत मात्र पुरुषाला मोकळीक होती. 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नाही. तो कायदा 1888 मध्ये रद्द झाला. नवऱ्याने घरी आणलेला रोग बायकोच्या वाट्याला येई आणि वांझपणाचा ठपकाही तिच्यावरच बसे.

या सगळ्याला मराठीत उघड आव्हान दिले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमन केंद्र काढले. 1923 मध्ये ‘संततिनियमन’ आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ ही पुस्तके लिहिली. या कार्यापायी 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. पत्नी मालतीबाईंची साथ नसती, तर हा तोट्याचा व्याप इतकी वर्षे चालला नसता. मासिकाचे खरे मोल वाचकांच्या प्रश्नोत्तरांत आहे. घरात, शाळेत किंवा ओळखीच्या डॉक्टरजवळ जे विचारता येत नव्हते, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत. हस्तमैथुनाने शक्ती जात नाही, मनातली धास्तीच अधिक अपाय करते, अशी त्यांची भूमिका होती. ती त्या काळी मांडायला मोठे धैर्य लागत होते.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून 1931 मध्ये अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना 100 रुपये दंड झाला. 1934 च्या दुसऱ्या खटल्यात आक्षेप थेट प्रश्नोत्तरांवर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असताना वाचकांच्या शंकांना उत्तर देणे गुन्हा कसा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. निकाल विरुद्ध गेला आणि 200 रुपये दंड झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने नाकारून संयमाचाच आग्रह धरला. देशातल्या सर्वांत वजनदार आवाजापुढे कर्व्यांचे मासिक फार एकटे होते.

भीती टिकून राहिली. ताकदीची औषधे विकणाऱ्यांचा धंदा तिच्यावरच चालला. 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने अशा जाहिरातींना बंदी केली, तरी भिंतींवरच्या जाहिराती गेल्या नाहीत. धातू जातो, अंग गळते, लग्न निभावणार नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणांच्या त्रासाला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. वीर्याचा बहुतांश भाग पुरस्थ ग्रंथी आणि शुक्राशयांतला द्रव असतो आणि तो सतत नव्याने तयार होतो. एवढे नीट समजावून सांगणे हा या त्रासावरच्या उपचाराचा महत्त्वाचा भाग असतो.

पुरुष नसबंदीच्या वाटेतही हीच धास्ती आडवी आली. शस्त्रक्रियेत केवळ शुक्रवाहिन्या बंद होतात, ताकद वा कामेच्छा जात नाही. तरी कष्टाचे काम होणार नाही, हा समज पक्का होता. आणीबाणीतल्या जबरदस्तीने त्यात भर घातली. 1976–77 मध्ये देशात 82 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते बारगळले. त्यानंतर सरकारी कार्यक्रमाचा सारा भार स्त्रियांवर सरकला. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्त्री नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के, तर पुरुष नसबंदीचे 0.3 टक्के होते. गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, असे त्याच सर्वेक्षणात 35 टक्के पुरुषांनी सांगितले.