पहिला बार हलका हवा : 'बर्ड डॉग'साठी ब्लँक पिस्तूल निवडताना

बंदुकीच्या आवाजाला बुजणारा शिकारी कुत्रा मालकाच्या काहीच कामाचा उरत नाही. अमेरिकेत पॉइंटर, सेटर, ब्रिटनी किंवा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर या जातींचे कुत्रे पाळणाऱ्यांना या एका गोष्टीची सर्वाधिक धास्ती असते. या कुत्र्यांना तेथे 'बर्ड डॉग' म्हणतात. गवतात दडलेल्या लाव्याचा किंवा तित्तिराचा माग वासावरून काढायचा आणि पक्षी जवळ असल्याचे कळताच एक पाय उचलून जागच्या जागी स्तब्ध उभे राहायचे, हे त्यांचे काम. माग काढण्याची ही कला पिल्लाच्या रक्तातच असते. बंदुकीच्या आवाजाची सवय मात्र माणसाला लावावी लागते आणि ती लावताना चूक झाली, तर ती निस्तरायला कित्येक महिने जातात. काही वेळा ती निस्तरतच नाही.

या शिकवणीचे पहिले साधन म्हणजे ब्लँक पिस्तूल. त्याच्या काडतुसात गोळी वा छर्रे नसतात, फक्त बार होतो. बाजारात ही पिस्तुले अनेक प्रकारची मिळतात आणि नवखा मालक बहुधा हातात भारदस्त वाटणारे, खऱ्या शस्त्रासारखे दिसणारे पिस्तूल उचलतो. निवड येथेच फसते. हे पिस्तूल माणसाच्या हातासाठी नसून पिल्लाच्या कानासाठी घ्यायचे असते.

त्या कानाविषयी थोडे सांगायला हवे. पिल्लू जन्मतः बहिरे असते; साधारण दोन आठवड्यांनी त्याच्या कानांची भोके उघडतात. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे. त्यामुळे आपल्याला नुसता 'फट्' वाटणारा आवाज त्याला कितीतरी तीक्ष्ण भासू शकतो. छऱ्यांच्या बंदुकीचा बार नळीजवळ १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० डेसिबलच्या पुढचा क्षणिक आवाज माणसाच्या श्रवणशक्तीलाही इजा करू शकतो. दिवाळीत पलंगाखाली दडणाऱ्या कुत्र्याची अवस्था आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. आवाज अचानक आला, कोठून आला ते कळले नाही आणि त्याच्याबरोबर चांगले असे काहीच घडले नाही, की भीती मनात घर करते. पुढच्या प्रत्येक बाराने ती कमी होण्याऐवजी वाढतच जाते. 'चार-दोन बार ऐकले की सवय होईल' हा समज म्हणूनच घातक आहे.

तेव्हा पिस्तुलाकडे वळण्यापूर्वी एक अट : आधी पक्षी, मग बार. पिल्लाला प्रथम पक्ष्याचे वेड लागले पाहिजे. प्रशिक्षक पाळीव कबुतर किंवा लावा पिल्लासमोर सोडतात. पिल्लू त्याच्यामागे धावते, पक्षी उडतो, पिल्लू आणखी त्वेषाने धावते. असे अनेक दिवस चालू द्यायचे. पक्ष्याखेरीज दुसरे काही दिसेनासे झाले, म्हणजे मग त्या पाठलागाच्या ऐन भरात, दूरवरून, एकच हलका बार. आवाज आणि आनंद यांची गाठ पडली, की बार म्हणजे पक्ष्याची वर्दी असे पिल्लाच्या मनात ठसते. पाव्हलॉव्हच्या प्रयोगातली घंटा आणि अन्न यांचेच हे नाते.

आता पिस्तुलाचा व्यास. या कामासाठी सर्वांत रुळलेले ते 'पॉइंट टू टू' (.२२) व्यासाचे ब्लँक पिस्तूल. पण .२२ म्हटले म्हणजे सगळे आवाज सारखे नव्हेत. या मापात एक आखूड काडतूस येते. त्याचे पितळी तोंड चुण्या पाडून मिटवलेले असते. आकार ओकच्या फळासारखा दिसतो म्हणून त्याला 'एकॉर्न' म्हणतात. त्यात दारू नावापुरतीच असते आणि आवाजही बेताचा असतो. याच मापातील लांब काडतूस बरेच मोठ्याने वाजते. दोन्ही एकाच पिस्तुलात बसतात, त्यामुळे दुकानदाराने 'टू टूची ब्लँक' म्हणून दिलेली डबी उघडून पाहणे श्रेयस्कर. सुरुवात आखूड काडतुसाने करावी. काही प्रशिक्षक त्याच्याही अलीकडून, म्हणजे मुलांच्या टिकल्यांच्या पिस्तुलापासून आरंभ करतात. त्यात हसण्यासारखे काही नाही.

डबीच्या बाबतीत आणखी एक इशारा. काँक्रीटमध्ये खिळे ठोकणाऱ्या दारूच्या यंत्रातही याच व्यासाची, चुण्या पाडलेल्या तोंडाची काडतुसे वापरतात. ती दिसायला जवळजवळ तशीच आणि बांधकामाच्या सामानाच्या दुकानात सहज मिळणारी. त्यांतील दारूचा जोर मात्र निराळाच. ब्लँक पिस्तूल तो दाब सोसण्यासाठी बनवलेले नसते, ते हातात फुटू शकते. ही काटकसर करू नये.

दुसरा पर्याय .३२ व्यासाचा. हे मूळचे धावण्याच्या शर्यतींचे पिस्तूल. आवाज मैदानभर जावा आणि हाताने वेळ मोजणाऱ्यांना दुरून धूर दिसावा, यासाठी त्याची योजना. स्टेडियमला जे हवे तेच पिल्लाला नको असते. शाळेच्या क्रीडा विभागात पडून असलेले जुने पिस्तूल मागून आणण्याचा मोह म्हणून टाळलेला बरा. तयार झालेल्या कुत्र्याला मात्र .३२ उपयोगी पडते. त्याचा आवाज मोठा असला तरी काहीसा भरीव, बंदुकीच्या जवळ जाणारा असतो; .२२चा आवाज लहान पण टोकदार असतो. काही जुनेजाणते प्रशिक्षक या टोकदारपणावर बोट ठेवतात आणि त्यापेक्षा दुरून काढलेला भरीव बार बरा, असे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्यासाठी मोकळे माळरान, मदतनीस आणि अंतराचा अचूक अंदाज लागतो. नवख्याजवळ हे तिन्ही क्वचितच असते. त्याने आखूड .२२च घ्यावे.

तिसरा प्रकार अलीकडे लोकप्रिय झालेला : '२०९ प्रायमर'वर चालणारे पिस्तूल. छऱ्यांच्या काडतुसाच्या बुडाशी जी पेटवणारी टोपी बसवतात, तीच येथे एकेक करून उडवली जाते. यंत्रणा साधी आणि टोप्या सहसा स्वस्त. मात्र २०२० व २०२१ मध्ये अमेरिकेत या टोप्यांचा असा दुष्काळ पडला, की पिस्तूल घरात आणि बार बाजारात, अशी अनेकांची गत झाली. शिवाय आखूड .२२पेक्षा हिचा आवाज चढा असतो. म्हणजे सवय झाल्यानंतरच्या नित्याच्या सरावाला उत्तम, पहिल्या दिवसाला नाही.

आवाजाइतकेच महत्त्व अंतराला आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवरून ८० मीटरवर गेल्यास तीन दुपटी होतात, म्हणजे १८ डेसिबलची घट. कोणत्याही दुकानात मिळणार नाही असा हा फुकटचा आवाजरोधक आहे. मदतनीस ८०-१०० मीटरवर उभा राहतो, पक्षी उडाल्यावर पिल्लू पाठ फिरवून धावत असताना बार काढतो आणि शिकवणारा फक्त पिल्लाकडे पाहतो. कान मागे पडले, शेपटी खाली गेली, धावता धावता पिल्लू थबकले किंवा मालकाकडे परत आले, तर पिस्तूल खिशात जाते आणि पुढचे कित्येक दिवस नुसते पक्षी. काहीच फरक पडला नाही तर पुढच्या खेपेस थोडे जवळ. एका दिवशी एक-दोन बार पुरेत. भिंती, डोंगरकडा किंवा पत्र्याच्या शेडजवळ हा उद्योग करू नये. प्रतिध्वनीने सगळे गणित बिघडते. सवय लावायची म्हणून पिल्लाला गोळीबाराच्या मैदानावर घेऊन जाणे तर शुद्ध अविचार होय.

घाई केली तर काय होते? कुत्रा बंदुकीला घाबरतो एवढ्यावर हे थांबत नाही. पक्षी दिसला की तो भयंकर आवाज येतो, अशी उलटी गाठ त्याच्या मनात बसते आणि तो पक्ष्यालाच टाळू लागतो. वास आलेला असूनही न आल्यासारखे दाखवून तो दुसरीकडे वळतो. प्रशिक्षकांच्या बोलीत याला 'ब्लिंकिंग' म्हणतात. उमद्या जातीचा, उत्तम नाकाचा कुत्रा आपले जन्मजात कसब असे लपवू लागलेला पाहणे क्लेशदायक असते. जात्याच भित्र्या स्वभावाची पिल्ले असतातच, परंतु बंदुकीला बुजणे हा बव्हंशी माणसाने निर्माण केलेला दोष आहे, यावर या क्षेत्रातील जाणकारांचे सहसा एकमत असते.

आता पिस्तुलाच्या रचनेविषयी. ब्लँक पिस्तुलाची नळी बहुधा धातूने बुजवलेली असते आणि तप्त वायू वरून किंवा बाजूने बाहेर पडतात. समोरून वायू सोडणारीही काही असतात. या कामात ती टाळावीत. वरून झोत येणाऱ्या पिस्तुलाच्या भोकावर बोट येणार नाही, हात चेहऱ्यापासून दूर राहील, याची काळजी घ्यावी लागते. गोळी नाही म्हणजे धोका नाही, हा भ्रम जीवघेणा ठरलेला आहे. अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने १९८४ मध्ये चित्रीकरणाच्या विश्रांतीत ब्लँक काडतूस भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्या आघाताने त्याचा मृत्यू झाला. ते काडतूस या पिस्तुलांतील काडतुसांहून पुष्कळ मोठे होते, पण तत्त्व तेच. शिकवणाऱ्याने स्वतःच्या कानात बोळे घालावेत, हेही ओघाने आलेच.

फिरत्या चक्राचे रिव्हॉल्व्हर घ्यावे की काडतुसांची पट्टी सरकणारे पिस्तूल? बार न उडालेले काडतूस चक्रात पुढे सरकून जाते, काही अडत नाही. म्हणून शेतात-गवतात चक्र बरे. ब्लँक काडतुसांची राख मात्र नळी आणि चक्र दोन्ही लवकर खाते. प्रत्येक वापरानंतर साफसफाई केली नाही, तर वर्षभरात चाप जड होतो. रंग भडक असावा. खऱ्यासारखे दिसणारे काळे पिस्तूल हातात घेऊन माळावर फिरणारा माणूस दुरून पाहणाऱ्या पोलिसाला प्रशिक्षक वाटत नाही.

कायद्याचा विचार देशागणिक वेगळा करावा लागतो. अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच 'स्टार्टर गन'चा उल्लेख आहे. गोळी झाडण्यासाठी जे सहज बदलता येते, ते अग्निशस्त्र होय. ब्रिटनमध्ये 'ऑलिम्पिक' नावाचे शर्यतीचे .३८० व्यासाचे रिव्हॉल्व्हर याच कारणाने २०१० मध्ये बेकायदा ठरले. पुढे वरून वायू सोडणारी तुर्कस्तानी बनावटीची काही ब्लँक पिस्तुलेही गुन्हेगार बदलून वापरतात, असे तेथील तपास यंत्रणांना आढळले आणि ती विनाकारवाई जमा करण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये मोहीम राबवावी लागली. म्हणजे दुकानातून रीतसर घेतलेली वस्तू काही वर्षांनी घरात ठेवणे गुन्हा ठरू शकते. स्वस्त, सहज कापता येणाऱ्या धातूच्या नळीपेक्षा पक्की बुजवलेली पोलादी नळी घेण्याचे हे आणखी एक कारण.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न निकालात काढला आणि शस्त्रांचे नियमन १९५९च्या शस्त्र कायद्याने होते. तेव्हा लाव्यांमागे कुत्रा सोडण्याची हौस येथे भागवता यायची नाही. अमेरिकेतही आज या शिकवणीचा बराच भाग शिकारीपेक्षा स्पर्धांसाठी असतो. १८९६ मध्ये सुरू झालेली आणि पुढे १९१५ पासून टेनेसीतील एम्स प्लँटेशनवर भरू लागलेली राष्ट्रीय बर्ड डॉग स्पर्धा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परीक्षक घोड्यांवर, कुत्र्याची फेरी तब्बल तीन तासांची. पक्षी सापडला की तो उडवतात, ब्लँक बार काढतात. पक्षी जिवंत उडून जातो आणि कुत्र्याने त्या आवाजात तसूभरही हलायचे नसते.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतून सकाळी फिरायला निघणारा लॅब्रॅडॉरही मूळचा याच बंदूकवाल्यांच्या घराण्यातला, पाडलेला पक्षी आणून देणारा. त्याच्या मालकाला ब्लँक पिस्तुलाची गरज नाही. पण दिवाळीपूर्वी दोन-तीन महिने फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक करून, आवडता खाऊ देत ऐकवायचा आणि कुत्रा निर्धास्त आहे असे पाहून रोज किंचित वाढवायचा, ही पशुवैद्य सुचवतात ती रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. कुत्र्याने खाऊकडे पाठ फिरवली, की त्या दिवशी आवाज बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरुवात करायची.