वर्क फ्रॉम होम आहे, मग बाळाला कोण सांभाळणार? पाळणाघराबाबत कायदा काय सांगतो?

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत नोकरी, पण काम घरून. आई-बाबा घरीच आहेत, मग पाळणाघर कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. पण मीटिंग सुरू असताना रांगत्या बाळाकडे लक्ष देणं शक्य नसतं.

पालक का घाबरतात?
नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरमधल्या एका पाळणाघरात 10 महिन्यांच्या मुलीला आयाने मारहाण केली. सीसीटीव्हीमुळे हा प्रकार उघड झाला आणि आयाला अटक झाली. राज्यात खासगी पाळणाघरांसाठी वेगळी नियमावलीच नाही, हेही तेव्हा चर्चेत आलं.

कंपनीची जबाबदारी काय?
मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली. पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली (पहिल्या दोन मुलांसाठी). 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा मिळाली.

रजेनंतर घरून काम करायची तरतूदही त्यात आली. मात्र तो हक्क नाही. कामाचं स्वरूप तसं असेल आणि कंपनीशी सहमती झाली, तरच.

घरून काम करणाऱ्यांना उपयोग काय?
केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळणाघर कामाच्या जागेजवळ किंवा लाभार्थींच्या वस्तीत, 500 मीटरच्या आत असावं. त्यात 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांचा विचार केला आहे. त्यामुळे ‘ऑफिसऐवजी घराजवळच्या पाळणाघराची सोय होईल का?’ असं एचआरला ईमेलवर विचारता येतं. उत्तर लेखी मिळालेलं बरं.

पाळणाघर निवडताना काय बघाल?
• एका ताईकडे किती मुलं आहेत?
• कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का?
• सीसीटीव्ही पालकांना बघता येतो का?
• न सांगता गेलात तर आत सोडतात का?
• जागा शक्यतो तळमजल्यावर आहे का? स्वयंपाकघर, जिना, बाल्कनी सुरक्षित आहे का?
• बाळ आजारी पडलं तर डॉक्टर कोण?

घरी मावशी ठेवणार असाल तर?
ओळखपत्राची प्रत घ्या, जवळच्या पोलिस ठाण्यात पडताळणी करा, आधीच्या घरी फोन करून विचारा. पहिला आठवडा कामाचा ताण कमी असेल तेव्हाच निवडा. आपण शेजारच्या खोलीत असलो, तरी मावशी बाळाशी कशा वागतात हे कळायला तेवढे दिवस लागतातच.